दोन डब्यांचं पीयू: चकाकी केटलमध्ये ठरते

पीयू (पॉलीयुरेथेन) टॉपकोटला, म्हणजे सगळ्यात वरच्या थराला, पहिल्या दिवशी चकाकी आणणं फारसं अवघड नाही. पॅनेल सुकलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, ट्यूबची कड त्यात रेघेसारखी सरळ दिसली की लॅबमध्ये सगळे खूश. तेच पॅनेल गच्चीवरच्या रॅकला दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांत लावा, दोन उन्हाळे-पावसाळे त्याच्यावरून जाऊ द्या, आणि पुन्हा त्याच ट्यूबखाली धरा. कड फुटलेली दिसली, बोटाला पांढरी भुकटी लागली, तर लेव्हलिंग ॲडिटिव्ह बदलून काही हाती लागणार नाही. बहुतेक वेळा दोष केटलमध्ये (रेझिन शिजवायच्या भांड्यात) झालेल्या रेझिनच्या बांधणीत असतो, नाहीतर कुठून तरी शिरलेल्या पाण्यात. या लेखात जास्त जागा मी याच दोन गोष्टींना दिली आहे.

उदाहरण म्हणून समुद्राजवळच्या पोलादी कामासाठी लागणारा पांढरा चकचकीत टॉपकोट घेऊ: कठडे, टाक्या, पाइपरॅक वगैरे. खाली इपॉक्सी प्रायमर आहे असं धरू. गंज अडवण्याचं मुख्य काम त्याचं. पण इपॉक्सी उन्हात चॉक होतो, म्हणजे त्याची पांढरी भुकटी सुटते, म्हणून त्याच्यावर पीयूचं छत्र लागतं.

आधी हार्डनर निवडा

पॉलीयुरेथेनचं मूळ रसायन ऑटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला मांडलं. आयसोसायनेटचा एनसीओ गट आणि पॉलिऑलचा ओएच गट एकमेकांना जोडले जातात आणि युरेथेनचा दुवा तयार होतो, मध्ये काहीही बाहेर पडत नाही. कोटिंगमध्ये ओएचवालं रेझिन एका डब्यात, एनसीओवाला हार्डनर दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ लावायच्या आधी घालून द्यायची.

हार्डनरमध्ये पहिला प्रश्न ॲरोमॅटिक (बेंझिनचा कडा असलेला) की ॲलिफॅटिक (तो नसलेला) हा. ॲरोमॅटिक टीडीआयचा (टोल्युइन डायआयसोसायनेटचा) अ‍ॅडक्ट स्वस्त, लवकर सुकणारा, फर्निचरच्या पॉलिशमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला. पण त्याच्या बेंझिन कड्याला अतिनील किरण लागले की क्विनोनसारख्या रंगीत रचना तयार होतात आणि फिल्म पिवळी पडते. घरातल्या कपाटाला ते खपून जाईल, बाहेरच्या पांढऱ्या टाकीला नाही. बाहेरच्या कामासाठी ॲलिफॅटिक एचडीआय (हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट) ट्रायमर घ्या, म्हणजे त्याचे तीन रेणू जोडून केलेला हार्डनर. बिनद्रावक ट्रायमरमध्ये एनसीओ साधारण २१.८ टक्के असतो. एचडीआय बाययुरेटही चालतो. तो बाजारात बहुधा ७५ टक्के घन आणि १६.५ टक्के एनसीओ असा मिळतो. आयपीडीआयचा (आयसोफोरोन डायआयसोसायनेटचा) ट्रायमर फिल्मला लवकर कडक करतो, पण लवचिकता कमी करतो. पोलाद उन्हात प्रसरण पावतं, रात्री आकसतं. त्यामुळे माझी पसंती एचडीआय ट्रायमरलाच.

कागदावरचं रेझिन

इथे घाई करू नका. फ्लास्क धुऊन ठेवण्याआधी तीन आकडे कागदावर हवेत: ओएच व्हॅल्यू, टीजी आणि रेणुभार.

ओएच व्हॅल्यू म्हणजे जाळं किती दाट विणायचं त्याचं माप. घन भागावर १०० च्या आसपास धरली तर रसायनांना आणि हवामानाला चांगली तोंड देणारी, तरीही न तडकणारी फिल्म मिळते. ६० वर आणली तर हार्डनर कमी लागतो, खर्च वाचतो, पण सॉल्व्हेंटचा बोळा घासला की फिल्म मऊ पडते. ओएच येतो हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेटमधून, म्हणजे हेमामधून. त्याचा रेणुभार १३०. हिशोब असा (५६१०० हा पोटॅशचा रेणुभार, मिलिग्रॅममध्ये): १०० × १३० ÷ ५६१०० = ०.२३. म्हणजे मोनोमरमध्ये २३ टक्के हेमा.

टीजी म्हणजे रेझिन काचेसारखं कडक आणि रबरासारखं मऊ यांच्या सीमेवरचं तापमान. फॉक्सचं सूत्र वापरा: प्रत्येक मोनोमरचा वजनी अंश त्याच्या होमोपॉलिमरच्या (फक्त त्याच मोनोमरच्या पॉलिमरच्या) केल्व्हिनमधल्या टीजीने भागायचा, बेरीज करायची आणि ती उलटी करायची. मिथाइल मेथाक्रिलेटला ३७८, स्टायरीनला ३७३, ब्युटाइल ॲक्रिलेटला २१९, हेमाला ३२८ केल्व्हिन धरा. मी सुरुवातीला घेतो ते मिश्रण हे:

हेमा २३, स्टायरीन २५, मिथाइल मेथाक्रिलेट २७, ब्युटाइल ॲक्रिलेट २४, ॲक्रिलिक ॲसिड १.

बेरीज ०.००३२१ च्या आसपास येते, म्हणजे सुमारे ३१२ केल्व्हिन, ३९ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्याला हा टीजी सोसवतो. ब्युटाइल ॲक्रिलेट २९ केलं आणि मिथाइल मेथाक्रिलेट २२ वर आणलं तर टीजी एकदम ३० अंशांवर घसरतो. पाच टक्क्यांत नऊ अंश. अशी फिल्म मे महिन्यात धूळ धरून ठेवते.

स्टायरीनबद्दल वाद होतात. ते स्वस्त आहे, अपवर्तनांक वाढवतं, पिगमेंट छान भिजवतं, चकाकीला खोली देतं. पण त्याच्यातही तोच बेंझिनचा कडा आहे. बाहेरच्या कामात २५ टक्क्यांच्या वर नेऊ नये असं माझं मत. ॲक्रिलिक ॲसिड एकच टक्का, पण ते पिगमेंटला धरून ठेवतं आणि क्युअरिंगलाही थोडा रेटा देतं. जास्त घातलं तर पॉट लाइफ, म्हणजे दोन डबे मिसळल्यावर रंग वापरता येण्याचा वेळ, खातं.

रेणुभाराचं गणित बरेच जण सोडून देतात. साखळ्या लहान केल्या की रेझिन पातळ होतं, सॉल्व्हेंट कमी लागतो, फवारणी सोपी होते. म्हणून इनिशिएटर (साखळ्या सुरू करणारा पेरॉक्साइड) वाढवत जायचा मोह होतो. आता हिशोब करा. ओएच व्हॅल्यू १०० म्हणजे दर ५६१ ग्रॅम रेझिनमागे एक ओएच. सरासरी रेणुभार ४००० असेल तर साखळीवर सातेक ओएच बसतात. तोच १००० वर आणला तर दोनही बसत नाहीत. ही सरासरी झाली. वाटप आंधळेपणाने होतं, त्यामुळे अनेक साखळ्यांवर एकच ओएच येतो, काहींवर एकही नाही. त्या साखळ्या जाळ्यात विणल्याच जात नाहीत, तेलासारख्या पडून राहतात. पहिल्या दिवशी चकाकतात, आणि पुढे ऊन-पावसात फिल्मची ताकद तिथूनच ढासळते. ३००० ते ५००० च्या दरम्यान राहा.

फ्लास्कमध्ये

दोन लिटरचा चार तोंडांचा फ्लास्क, स्टरर, कंडेन्सर, तापमापी, नायट्रोजनची नळी आणि फीडसाठी छोटा पंप. पंप नसेल तर ड्रॉपिंग फनेल चालेल, पण मग माणूस जागचा हलता कामा नये. एक किलोच्या बॅचसाठी फ्लास्कमध्ये झायलीन २३० ग्रॅम आणि ब्युटाइल ॲसिटेट ७० ग्रॅम घ्या. हेमा १३८, स्टायरीन १५०, मिथाइल मेथाक्रिलेट १६२, ब्युटाइल ॲक्रिलेट १४४ आणि ॲक्रिलिक ॲसिड ६ ग्रॅम एकत्र करून ठेवा. हेमा घेताना त्यातल्या डायमेथाक्रिलेटचं प्रमाण विचारून घ्या. हा दोन तोंडांचा मोनोमर साखळ्यांना मध्येच शिवतो, आणि स्वस्त हेमाने रेझिन घट्ट होण्यामागे बहुधा तोच असतो.

इनिशिएटर म्हणून टर्ट-ब्युटाइल पेरॉक्सीबेंझोएट मोनोमरच्या ४ टक्के, म्हणजे २४ ग्रॅम. त्यातले २० ग्रॅम ब्युटाइल ॲसिटेटमध्ये मिसळून मोनोमरबरोबर फीडला, ४ ग्रॅम शेवटच्या चेसरसाठी, म्हणजे उरलेला मोनोमर संपवणाऱ्या डोससाठी. कोबाल्ट ड्रायरची बाटली या टेबलावर असूच नये. पेरॉक्साइड आणि कोबाल्ट यांची सरळ गाठ पडली तर भडका उडतो.

नायट्रोजनखाली फ्लास्क रिफ्लक्सला आणा, १३२ ते १३६ अंश. मग चार तास एकसारखा फीड. सगळा मोनोमर एकदम ओतून तापवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पॉलिमरायझेशनची उष्णता मोठी असते. हळू फीडमध्ये मोनोमर आला तसा संपत जातो, साखळ्या एकसारख्या लांबीच्या होतात आणि कंडेन्सर उष्णता काढून टाकू शकतो. फीड चालू असताना रिफ्लक्स मंदावला, तापमान खाली गेलं, तर लगेच फीड बंद करा. अशा वेळी आत मोनोमर साठत असतो. तापमान वर आणायला घाईने हीटिंग वाढवलं तर साठलेलं सगळं एकदम पेटून उठतं. मोठ्या केटलला हे आणखी लागू, कारण आकारमान वाढतं तसं थंड करणारं क्षेत्रफळ वाढत नाही. लॅबमध्ये चार तास लागले म्हणून प्लँटमध्ये तीन तासांत उरकू असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या.

फीड संपल्यावर एक तास त्याच तापमानाला ठेवा. मग चेसर दोन भागांत, तासाच्या अंतराने, थोड्या ब्युटाइल ॲसिटेटबरोबर. तेही संपलं की आणखी दीड-दोन तास. चेसरशिवाय उरलेला मोनोमर फिल्ममध्ये वास धरून बसतो. शेवटी ब्युटाइल ॲसिटेटने सॉलिड्स ६० टक्क्यांवर आणा.

आता तपासणी. सॉलिड्स ओव्हनमध्ये, रंग, गार्डनर ट्यूबने व्हिस्कॉसिटी, पोटॅशने ॲसिड व्हॅल्यू. ॲक्रिलिक ॲसिडमुळे घन भागावर ८ च्या जवळ अपेक्षित आहे. पेरॉक्साइडच्या तुकड्यांतून बेंझॉइक ॲसिड येतं, त्यामुळे थोडी वर दिसेल. ओएच व्हॅल्यू ॲसिटिक अनहायड्राइड-पिरिडीन पद्धतीने काढा. वेळखाऊ काम आहे, पण निदान पहिल्या काही बॅचना टाळू नका.

आणि एक सोपी चाचणी, जी मी कधीच सोडत नाही: रेझिन आणि हार्डनर प्रमाणात मिसळून, पिगमेंट न घालता, काचेवर ओढा. दुसऱ्या दिवशी काच काळ्या कागदावर ठेवा. धुरकट दिसली तर रेझिन आणि हार्डनर एकमेकांत विरघळत नाहीत. असं रेझिन पुढे रंगात चकाकणार नाही, तिथेच थांबा.

प्रमाणाचा हिशोब

६० टक्के सॉलिड्सच्या रेझिनची, आहे त्या स्थितीत, ओएच व्हॅल्यू ६०. समतुल्य वजन, म्हणजे एक ओएच किंवा एक एनसीओ असलेलं वजन, ५६१०० ÷ ६० = ९३५ ग्रॅम. हार्डनरचं समतुल्य वजन (एनसीओचा भार ४२, गुणिले १००) ४२०० ÷ २१.८ = १९३ ग्रॅम. एनसीओ आणि ओएच १.०५ ला १ ठेवला तर १०० ग्रॅम रेझिनला २१.७ ग्रॅम ट्रायमर. ७५ टक्क्यांचा बाययुरेट घेतला तर समतुल्य वजन २५४.५, आणि लागणार २८.६ ग्रॅम.

पाच टक्के जास्तीचे का, तर हवेतली ओल थोडा एनसीओ खातेच. १.१ पर्यंत चालतं. त्याच्या पुढे दमट हवेत फिल्म ठिसूळ आणि फिकी होते. हार्डनरचा एनसीओ डब्यावर छापलेला धरून चालू नका. डायब्युटाइलअमाइन घालून उरलेलं अमाइन आम्लाने टायट्रेट करायचं, तासाभराचं काम आहे. पावसाळ्यात उघडून ठेवलेल्या डब्याचा आकडा बघून डोळे उघडतात.

पाणी

एक ग्रॅम पाणी किती हार्डनर खातं? पाण्याचा एक रेणू दोन एनसीओ संपवतो, युरिया तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. १८ ग्रॅम पाण्याला दोन समतुल्य, म्हणजे १ ग्रॅमला २१ ग्रॅम ट्रायमर. वर सव्वा लिटरहून जास्त वायू. ओल्या फिल्ममध्ये तो वायू बुडबुडे होऊन वर येतो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं ठेवून जातो.

कोकणातल्या एका एमआयडीसीत काम करत असताना एका जुलैत आमच्या क्लिअरच्या (पिगमेंट नसलेल्या पारदर्शक कोटच्या) दोन बॅचना अशी भोकं पडली. आम्ही डिफोमर बदलला, लेव्हलिंग एजंट तीनदा बदलला, फवारणीचा दाब कमी-जास्त केला. आठवडा गेला. मग कोणीतरी ब्युटाइल ॲसिटेट कार्ल फिशरला (पाणी मोजायच्या टायट्रेशनला) लावलं आणि पाणी निघालं. ड्रम अंगणात उभे होते. पावसाचं पाणी वरच्या झाकणाच्या कडेच्या आत तळ्यासारखं साचायचं. दिवसा ड्रम तापायचा, रात्री गार होऊन आत हवा ओढायचा, आणि बुचाच्या आट्यांतून हवेबरोबर ते पाणीही आत जायचं. ब्युटाइल ॲसिटेटमध्ये एक टक्क्याहून थोडं जास्त पाणी विरघळतं, त्यामुळे थर वेगळा दिसत नाही. बाटलीत बघून काहीच कळत नाही. तेव्हापासून माझ्याकडे ड्रम छपराखाली असतात, नाहीतर आडवे. पीयूसाठीच्या सॉल्व्हेंटमध्ये पाणी ०.०५ टक्क्याच्या आत हवं, आणि पावसाळ्यात प्रत्येक ड्रम तपासायचा.

पिगमेंटही पाणी आणतं. २८ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडवर अर्धा टक्का ओल असली तर ०.१४ ग्रॅम पाणी, आणि ते सगळं लागू पडलं तर ३ ग्रॅम हार्डनर गेला. रंगात मॉलिक्युलर सीव्हची (पाणी शोषून धरणाऱ्या पावडरची) पेस्ट घालता येते. क्लिअरमध्ये मात्र ती चकाकी खाते.

अल्कोहोलचा धोका वेगळाच. दुकानात सहज मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर अनेकदा अल्कोहोल घालून बनवलेला असतो. अल्कोहोलचा ओएच हार्डनरशी जोडला जातो, आणि एकाच हाताचा असल्यामुळे तिथे जाळं तुटतं. फिल्म दिवसेंदिवस चिकट राहते. साइटवरून तक्रार आली की मी पहिल्यांदा थिनरचा डबा बघायला मागतो.

पांढरा रंग

१०० भाग बेससाठी: रेझिन ५५, रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइड २८, डिस्पर्संट १, यूव्ही ॲब्सॉर्बर ०.८, हाल्स (उन्हापासून जपणारा लाइट स्टॅबिलायझर) ०.४, लेव्हलिंग ०.२, डिफोमर ०.२, डायब्युटाइलटिन डायलॉरेटचं (क्युअरिंगला वेग देणाऱ्या टिनच्या कॅटॅलिस्टचं) १ टक्क्याचं द्रावण ०.९, बाकी साडेतेरा भाग ब्युटाइल ॲसिटेट, झायलीन आणि मेथॉक्सीप्रोपाइल ॲसिटेट. या बेसला हार्डनर ११.९. पिगमेंटचं आकारमानी प्रमाण १४-१५ टक्के येतं, चकाकीला योग्य. याहून बरंच वर गेलात तर पिगमेंट पृष्ठभागातून डोकं वर काढतं.

रेझिनच्या एक-तृतीयांश भागात पिगमेंट आणि डिस्पर्संट घेऊन डिस्पर्सरवर फिरवा, मग बीड मिल. हेगमन गेजवर (कणांचा बारीकपणा मोजणारी पट्टी) ७ च्या खाली थांबू नका. उरलेले कण ट्यूबलाइटच्या कडेत दिसतातच. बाकीचं रेझिन हळूहळू, ढवळत सोडा. एकदम ओतलं तर पिगमेंट गुठळ्या धरतं, आणि सुकताना चकाकी बसत जाते: संध्याकाळी चमकणारं पॅनेल सकाळी मलूल.

टिनचा कॅटॅलिस्ट थेंबांनी मोजायचा पदार्थ आहे, म्हणून द्रावणातूनच घाला. पॉट लाइफ कमी पडत असेल तर टिनबरोबर थोडं ॲसिटाइलॲसिटोन घाला. ते डब्यात टिनला थोपवून धरतं आणि फिल्ममधून उडून गेलं की सोडतं. सिलिकोनवालं लेव्हलिंग वाढवायचा मोह आवरा, पुढचा कोट धरत नाही.

लावणं आणि तपासणं

त्याआधी श्वासाचं. आपल्याकडे आयसोसायनेट म्हटलं की १९८४ चं भोपाळ आठवतं. तिथला मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळणारा, वेगळा पदार्थ. एचडीआय ट्रायमर सहज उडत नाही. पण फवारणीचं धुकं फुफ्फुसात गेलं की तोच एनसीओ तिथे चिकटतो, दमा जडतो, आणि एकदा ॲलर्जी बसली की त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. कापडी मास्क इथे कुचकामी. हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, चष्मा. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट हाताळणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्तीची वाट बघू नये.

दोन ओले कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, सुकलेली जाडी ५० ते ६० मायक्रॉन. एकाच कोटात उरकलं तर सॉल्व्हेंट आत अडकून फोड येतात. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. पावसाळ्यात संध्याकाळचं काम थांबवा. ओल्या फिल्मवर दव पडलं की दुधाळपणा येतो आणि तो पुसून जात नाही.

सात दिवस क्युअर झाल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नका. चकाकी ६० अंशांत मोजा, आणि ती ७० च्या वर असेल तर २० अंशांतही; खरा फरक तिथे कळतो. मग क्रॉसकट (चिकटपणा), पेन्सिल (कडकपणा), मँड्रेल (लवचिकता), आणि एमईके या सॉल्व्हेंटच्या बोळ्याने दुहेरी घासणं. घासताना फिल्म मऊ पडली तर एफटीआयआरला (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमच्या यंत्राला) २२७० च्या जवळचं एनसीओचं शिखर बघा. शिखर शिल्लक असेल तर क्युअर अर्धवट आहे. नसेल आणि तरी मऊ असेल तर प्रमाण चुकलंय किंवा पाणी-अल्कोहोल शिरलंय. क्यूयूव्हीला (कृत्रिम ऊन-ओल देणाऱ्या यंत्राला) यूव्हीए-३४० च्या ट्यूब लावा. प्रायमरसकट पॅनेल सॉल्ट स्प्रेला. आणि गच्चीवरचा रॅक रिकामा ठेवू नका.

डबे भरताना

साइटवर वजनकाटा नसतो, मोजायला फक्त एक मग असतो. म्हणून प्रमाण आकारमानात सोपं करून द्या. वरच्या १०० ग्रॅम बेसचं आकारमान ८० मिलिलिटरच्या आसपास, हार्डनरचं १० च्या. हार्डनरमध्ये कोरडं ब्युटाइल ॲसिटेट घालून तो सुमारे ५८ टक्के घन केला की प्रमाण चारास एक होतं: त्याच मगाने चार मग रंग, एक मग हार्डनर. ट्रायमर ४० टक्क्यांच्या खाली पातळ करू नका, साठवणीत गढूळ होतो. डब्यात वर नायट्रोजन सोडून झाकण दाबा. आणि डब्यावर ठळक अक्षरांत मराठी-हिंदीत छापा: उघडलेला हार्डनर उद्यासाठी ठेवू नका, दुसरा थिनर घालू नका.